आठ दिवसांचं झुडूप

नाव त्याचं जिभेला लांबच लांब:
आख्तदाखनीसबॉस.
म्हणजे आठ दिवसांत बरं करणारं झुडूप.
कामीसबर्गच्या उतारावर, दगडांच्या फटीत,
कमरेइतकं. पानांना पांढरी लव,
म्हाताऱ्या माणसाच्या कानावर असते तशी.
शेळ्या हुंगतात आणि पुढे जातात.
ऑगस्टात कळ्या गुलाबी येतात,
उमलता उमलता निळ्या होतात.
का, ते मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

त्या साली आब्राम तांब्याच्या खाणीतून आला
गाढवगाडीत आडवा,
पोटरी उघडी पडलेली, कडेने काळीनिळी.
मुकादमाची चिठ्ठी खिशात: आठ दिवस.
कागदावरचे आठ आणि झुडपाचे आठ
कुणी जुळवले कोण जाणे.
दोन वर्षांत तो तिसऱ्यांदा घरी येत होता.
सॅना त्याला 'ओम' म्हणाली,
म्हणजे काका.

पहिल्या दिवशी मी ओंजळभर पानं आणली.
ठेचली की बुळबुळीत रस सुटतो,
बोटांना दिवसभर चिकटून राहतो.
फडक्यात घालून संध्याकाळी बांधली.
तो कण्हला नाही.
छपराच्या लव्हाळी चटयांकडे बघत म्हणाला,
"शेळ्या किती उरल्या?"
"एकोणीस."
"आणि ती, एका कानाची?"
"आहे."

दुसऱ्या दिवशीही ओंजळभर. तिसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या संध्याकाळी फडकं सोडलं
तर कड गुलाबी झालेली.

फुलाची वाट गुलाबीकडून निळ्याकडे,
जखमेची निळ्याकडून गुलाबीकडे.
त्या घटकेला मला फुलाचंच पटलं.

खरं सांगते, आता रागवायला कोण आहे:
चौथ्या दिवशी झुडपापाशी गेले,
हात लावला आणि मागे घेतला.
ओढ्याकाठचं दुसरंच कसलंतरी पान आणलं,
तेवढंच लवदार,
कुठल्याच गुणाचं नाही.
ठेचताना रस सुटला नाही.
आब्रामने फडक्याकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
पाचव्या दिवशी पुन्हा तेच पान.
सॅना त्याच्या धड मांडीवर बसून
नखांतली तांब्याची हिरवट घाण
काडीने काढत होती, एकेक बोट.

सहाव्या दिवशी अंथरूण झटकताना
खालच्या कातड्याच्या घडीत सापडली
पहिल्या तीन रात्रींची माझी खरी पानं.
वाळलेली, कुरकुरीत,
चोरलेल्या पैशांसारखी नीट ठेवलेली.
रात्री मी झोपल्यावर तो फडकं सोडत होता,
रिकामं बांधून पहाटेपर्यंत पडून राहत होता.

मी ती घडी होती तशी घातली.
बोललो नाही आम्ही. दोघांचीही चोरी एकच,
वाटणी कसली करायची?

पण मांस कुणाचं ऐकत नाही.
आठव्या दिवशी खपली आपणहून पडली,
खाली कोवळी कातडी, नुकत्या व्यालेल्या करडाच्या ओठासारखी.

गाडी आली तेव्हा तो लंगडला.
जरा जास्तच लंगडला, गाडीवानाला दिसेल इतका.
गाडीवान हेंड्रिक जुना माणूस,
त्याने लगाम दुसऱ्या हातात घेतला,
आब्रामला वर ओढलं आणि म्हणाला,
"मीही असाच लंगडायचो."

आठवड्यात दिवस सातच.
आठवा उरतो.

अजून लोक येतात पानांसाठी,
तारेने कापलेले, विळ्याने कापलेले.
विचारतात, खरंच आठ दिवस लागतात का?
मी ओंजळभर देते,
ठेचायचं कसं ते दाखवते.
मग विचारते,
घाई आहे का तुम्हाला?